न वाजवता घेतलेलं

डुलूथमध्ये, टेकडी उतरून सुपीरियर सरोवराकडे जाताना
डाव्या हाताला माझं लॉन्ड्रोमॅट.
चोवीस यंत्रं धुवायची, सोळा वाळवायची.
दर सोमवारी पहाटे मी त्यांच्या पेट्या उपसतो :
क्वार्टर, क्वार्टर, बादलीभर क्वार्टर,
साबणाने बुळबुळीत, कापसाचा भुसा चिकटलेले,
अध्यक्षांचं नाक झिजून गालाला मिळालेलं.
बोटं काळी होतात.
डोरीन मला दोनदा हात धुवायला लावते,
मगच सूप वाढते.

एकोणीस वर्षं मी नाणी मोजली.
पाहिलं एकही नव्हतं.

टेक्ला नीमीच्या दुकानात गेलो तो वेगळ्याच कामाला.
सात नंबरच्या यंत्राला कुणीतरी खोटं नाणं चारलं होतं.
तिने ते काचेच्या काउंटरवर टाकलं.
ठक्क.
"शिसं," म्हणाली, आणि कचऱ्यात.
मग, मी अजून उभाच आहे म्हणून असेल,
किंवा बाहेर बर्फ भुरभुरत होतं म्हणून,
तिने खणातून एक गोल पारदर्शक डबी काढली.

आमच्याच मिनेसोटाचं क्वार्टर.
तळं, नावेत दोघं गळ टाकून बसलेले,
पुढे लून पक्षी, पांढरा, दहिवर पडल्यासारखा.
आणि त्याच्याभोवती जिथे काहीच कोरलेलं नव्हतं
तिथे काळंभोर पाणी,
इतकं स्थिर, की त्यात मला दिसली
दुकानाची ट्यूबलाइट,
आणि माझी पापणी.

"वाजवून बघू?"
तिने माझ्या मनगटावर चापट मारली.
हे वाजवायचं नसतं म्हणे.
घासलेल्या साच्यात, घासलेल्या चकतीवर,
एकदा नाही, पुन्हा पुन्हा ठोकलेलं,
आणि कुणाच्याही खिशात न गेलेलं.
म्हणजे ज्यासाठी नाणं करतात
ते सोडून बाकी सगळं याच्यासाठी केलेलं.
मी अकरा डॉलर मोजले. क्वार्टरमध्येच.
ती हसली नाही. एकेक मोजून घेतले.

पुढची चूक मी टपालाने मागवली.
रंगीत गरुड, सोन्याचा मुलामा, 'मर्यादित',
नव्वद डॉलर आणि सहीशिक्क्याचं प्रमाणपत्र.
टेक्लाने प्रमाणपत्र मोठ्याने वाचलं,
चष्मा काढला.
"यावरून एवढंच सिद्ध होतं, की कागद खरा आहे."
त्याच्या पुढची चूक घरीच केली.
लूनच्या पाण्यावर एक कण दिसत होता,
डबी उघडली,
बनियनच्या कडेने, अगदी हलकेच.
कण गेला.
दिव्याखाली धरलं तर
तळ्यावर केसाएवढ्या रेघा,
कायमच्या.
आयुष्यभर लोकांचे कपडे धुतले,
आणि कुठे धुवायचं नसतं
ते कळायला हे वय यावं लागलं.

मग फेब्रुवारी. उणे बावीस.
अकरा नंबरची पेटी ओतली,
आणि त्या करड्या ढिगातून
एकाने वर पाहिलं.

कड घासलेली, गरुडाच्या छातीवर चरे,
पण अक्षरांच्या बेचक्यात, वेणीच्या मागे,
तोच काळा उजेड, चिमूटभर.
कुणीतरी संच फोडला होता.
आजोबांच्या कपाटातला असेल, नातवाने.
किंवा ज्याचा संच त्यानेच,
ओली चादर हातात घेऊन,
आठ मिनिटांच्या गरम हवेसाठी.

टेक्लाने भिंगातून बराच वेळ पाहिलं.
"प्रूफच आहे. राबलेलं."
"किंमत?"
"पंचवीस सेंट."
आणि मग, मला ज्याबद्दल चापट बसली होती तेच,
तिने ते काचेवर टाकलं.

मी धुतलेलं नाही ते.
कुठे ठेवलंय, डोरीनला अजून सांगितलेलं नाही.